खांब फुटल्यानंतरचं काय?

मंडळी, आजचा लेख जरा चिडून लिहितोय. वीकएंडला काहीतरी हलकंफुलकं खरडायचं असा माझा शिरस्ता. पण चार महिन्यांपूर्वी गावाकडे एक प्रसंग घडला आणि तो काही केल्या डोक्यातून जात नाहीये. तेव्हा एकदाचा लिहून मोकळा होतो. पटलं तर ठीक, नाही पटलं तर भांडायला मोकळे आहात.

माझं गाव पोखर्णी. परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला लागलं की येतं. नृसिंहाचं पोखर्णी म्हणून आमच्या भागात सगळ्यांना माहीत. परभणी-परळी लाईनवरच्या आमच्या स्टेशनाच्या नावातसुद्धा नृसिंह आहे. मी पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो, पण वर्षातून चार-पाच वेळा तरी गावाकडे चक्कर होते. दसऱ्याच्या आधी असाच गेलो होतो.

शनिवारची दुपार. जेवणं झालेली. बैठकीत टीव्हीवर 'सिंघम' लागला होता. कितव्यांदा ते विचारू नका. मोठे काका लोडाला टेकून बसलेले, खाली सतरंजीवर आम्ही चुलत भावंडं, दारात दोन-चार शेजारी. हिरोनं गुंडाला पहिली चपराक हाणली आणि काकांनी मांडीवर थाप मारली. "असा पाहिजे माणूस! अन्याय दिसला की जागेवर निकाल. अन्याय करणारा आणि सहन करणारा, दोघंबी सारखेच पापी." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

अर्ध्या तासानं टीव्हीचा आवाज बंद झाला, कारण आत्या आणि ताई आल्या. ताई म्हणजे आत्याची मुलगी. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. लहानपणी मला बेरीज-वजाबाकी हिनंच शिकवली. तिच्या लग्नाला पाच वर्षं झाली. त्यातली शेवटची दीड वर्षं नवऱ्याचा हात उठतोय. शहरात प्लॉट घ्यायचाय, माहेरून पैसे आण, हे कारण. उन्हाळ्यात तिचं मनगट मोडलं होतं. डॉक्टरला सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. आता काय करायचं हे ठरवायला आत्या भावांकडे आली होती.

बैठक तासभर चालली. मामांनी (आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात) येणंच टाळलं होतं. काका म्हणाले, "सोसल्याबिगर कुणाचा संसार झालाय का? थोडं इकडं-तिकडं चालायचंच." आणि आत्या, जी स्वतः रडत होती, ती लेकीला म्हणाली, "त्या 'माहेरची साडी'तल्या लक्ष्मीनं किती सोसलं, पण घराचं नाव जाऊ दिलं का?"

अक्षरशः हेच वाक्य. मी घडवून लिहीत नाहीये.

बाबा काहीच बोलले नाहीत. ते कधीच बोलत नाहीत. आणि मी? मी मांडीवर लॅपटॉप उघडून बसलो होतो. कुणीतरी विचारलं, "काय करायलास रे?" मी म्हणालो, ऑफिसचा सर्व्हर बंद पडलाय. कुठलाही सर्व्हर बंद पडला नव्हता. संध्याकाळी आईनं ताईची ओटी भरली, तिला एक साडी दिली आणि पाचच्या गाडीनं ती सासरी परत गेली.

म्हणजे बघा, एकाच घरात, एकाच दुपारी, त्याच सतरंजीवर दोन सद्गुण शिकवले गेले. पुरुषाचा सद्गुण: अन्याय दिसला की फोडून काढ. बाईचा सद्गुण: अन्याय झाला की सोस. आणि दोन्ही शिकवायला दाखला सिनेमाचाच. काकांना या दोन वाक्यांत काही विसंगती आहे असं वाटलंही नाही. मला आजही खात्री आहे, ते मनापासून बोलत होते. दोन्ही वेळा.

आता एक गंमत सांगतो. गंमत कसली, योगायोग. 'माहेरची साडी' आला १९९१ साली. विजय कोंडकेंचा सिनेमा, अलका कुबल त्यात लक्ष्मी झाल्या होत्या. मूळ कथा एका राजस्थानी सिनेमाची, पण आपल्याकडे तो इतका चालला की आजही आमच्याकडच्या बायका त्याचं नाव काढलं की पदर डोळ्याला लावतात. त्याच १९९१ मध्ये हिंदीत 'नरसिम्हा' आला. दिग्दर्शक एन. चंद्रा, म्हणजे आपलाच मराठी माणूस. हिरो सनी देओल. नावातच सगळं आलं. एकाच वर्षी पुरुषांना नरसिंह मिळाला आणि बायकांना साडी. आत्याचं लग्नही त्याच सुमाराचं. पस्तीसेक वर्षांनी त्याची वसुली तिच्या लेकीकडून झाली.

पण माझं भांडण 'बायकांवर अन्याय दाखवतात' एवढंच नाहीये. ते भांडण बऱ्याच जणींनी माझ्यापेक्षा चांगलं मांडलंय. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे, आणि तो मला आमच्या गावच्या देवामुळे सुचला.

नृसिंहाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. खांब फुटतो, देव बाहेर येतो, उंबऱ्यावर बसून हिरण्यकशिपूचं पोट फाडतो. कॅलेंडरवर तेवढंच चित्र असतं. पण गोष्ट त्याची नाहीये हो, गोष्ट प्रल्हादाची आहे. त्या पोराला विष दिलं, कड्यावरून लोटलं, हत्तीच्या पायी दिलं, होलिकेच्या मांडीवर आगीत बसवलं. प्रत्येक वेळी सकाळी उठून तो तेच म्हणत राहिला जे काल म्हणाला होता. त्यानं कुणाला चपराक मारली नाही आणि कुणाचं मुकाट सोसलंही नाही. बापाला तोंडावर 'नाही' सांगितलं, रोज सांगितलं. आणि खांब फुटल्यानंतर काय झालं ते तर कुणाला आठवतच नाही. भागवतात आहे ते. देवाचा राग शांतच होईना. सगळे देव लांब उभे, लक्ष्मीसुद्धा जवळ जायला घाबरली. तेव्हा त्या पोरालाच पुढे केलं. त्यानं देवाला शांत केलं, वर मागायची वेळ आली तेव्हा ज्या बापानं छळलं त्याच्यासाठी क्षमा मागितली, आणि पुढे राज्य सांभाळलं.

आपल्या सिनेमानं काय केलं, तर खांब ठेवला आणि प्रल्हाद काढून टाकला. २०२५ साली 'महावतार नरसिंह' हा अ‍ॅनिमेशनपट आला आणि जोरदार चालला. त्यात प्रल्हादाला भरपूर जागा आहे, हे कबूल. पण मी ज्या शोला होतो तिथं प्रल्हादाच्या प्रसंगांत निम्म्या लोकांचे मोबाईल चालू होते. थिएटर दणाणलं ते शेवटी. म्हणजे सिनेमावाल्यानं दिलं तरी आपण घेतो तेवढंच!

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सिनेमातला सद्गुण म्हणजे डेमो. डेमो कसा असतो हे सॉफ्टवेअरवाल्या मंडळींना सांगायला नको. पंधरा मिनिटं, सगळं चकाचक, शेवटी टाळ्या. मग गो-लाइव्ह होतं, केक कापतात, फोटो निघतात. आणि त्यानंतर सुरू होतो तो सपोर्ट. रात्री तीनला फोन, तोच बग चौथ्यांदा, कुणी आभार मानत नाही, आणि नीट चालू असेल तर तुम्ही आहात हेही कुणाच्या लक्षात येत नाही. सिस्टिम जिवंत राहते ती सपोर्टमुळे. चांगुलपणाचंही तसंच आहे. एका चपराकीत अन्याय संपत नाही, एका भाषणात खरेपणा येत नाही. तो रोज राखावा लागतो, कंटाळा येईपर्यंत. पण कंटाळ्याला तिकीट विकता येत नाही. म्हणून सिनेमा आपल्याला शंभर वर्षं फक्त डेमो दाखवतोय, आणि आपण समजतोय की हेच प्रॉडक्ट.

शंभर वर्षं हे उगाच नाही म्हटलं. आपला पहिला कथापट, दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशनमध्ये लागला. विषय कुठला, तर सत्य. आपला सिनेमा जन्मालाच आला तो सद्गुणाचा धडा घेऊन. पण ती गोष्ट एकदा नीट आठवून बघा. राजा खरं बोलतो, दिलेला शब्द पाळतो, आणि त्यापायी विकली जाते कोण? तारामती. आणि रोहिदास. शब्द राजाचा, बिल बायकोच्या नावावर! आणखी कहर म्हणजे त्या काळी सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून तारामती झाला तो हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा पुरुष.

आणि पडद्यामागे? फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. त्यांनी दागिने दिले, सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला, रात्री जागून फिल्मच्या पट्टीला भोकं पाडायचं काम केलं. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त (२००९) हे छान दिसतं. मी तो सिनेमा कॉलेजात असताना पहिल्यांदा पाहिला तेव्हा फाळक्यांच्या जिद्दीनं भारावून गेलो होतो. मागच्या महिन्यात परत पाहिला तर माझी नजर सारखी सरस्वतीबाईंवर जात होती. पडद्यावरचा सद्गुण राजाचा, पडद्यामागचा त्यांचा. कथापटाचे जनक म्हणून पुतळा एकाचाच.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं, आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या लोकांचे सिनेमे वेगळे असतात. बरं, मग आपला, म्हणजे इंजिनिअर लोकांचा लाडका सिनेमा घेऊ. 'स्वदेस', २००४. नासातला मोहन भार्गव गावात येतो, ओढ्याच्या पाण्यावर वीज तयार करतो, दिवा लागतो, आपण रडतो. वाईजवळच्या मेणवलीत त्याचं शूटिंग झालं. हा सिनेमा बघून मीही एकदा ठरवलं होतं की पोखर्णीला परत जायचं. ते ठरवणं साधारण दीड दिवस टिकलं.

पण सिनेमाच्या मागं एक खरी गोष्ट आहे असं सांगतात. नंदुरबार जिल्ह्यातलं बिलगाव. नर्मदेच्या खोऱ्यातलं आदिवासी गाव. तिथं २००३ साली पाण्यावर चालणारा १५ किलोवॅटचा लहानसा वीजप्रकल्प उभा राहिला. केरळातले दोन तरुण इंजिनिअर तिथं राहून राबले, परदेशातल्या भारतीयांच्या एका संस्थेनं मदत केली, आणि गावातल्या माणसांनी श्रमदान करून बांध घातला, सामान डोंगरातून वाहून नेलं. आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. खऱ्या गोष्टीत शेकडो हात आहेत आणि कुणी एक हिरो नाही. सिनेमात मोहन आहे. गावकरी पण आहेत म्हणा, पण ते दगड उचलायला. सिनेमा दिवा लागतो तिथं चढतो. दिवा लागल्यावर टर्बाइनमधला गाळ कोण काढणार, वीजबिलाची वर्गणी कोण गोळा करणार, वर्गणी बुडवणाऱ्या पाटलाच्या दारात जाऊन कोण उभं राहणार? खरा सद्गुण तिथं लागतो. त्याला ना गाणं, ना क्लोजअप.

मग मोहन भार्गव होण्याचं स्वप्न बघणारा माझ्यासारखा माणूस काय करतो? मोहन होता येत नाही म्हणून काहीच करत नाही. मोठा सद्गुण परवडत नाही आणि लहान सद्गुण दिसत नाही. सिनेमानं आपलं केलेलं सगळ्यात मोठं नुकसान कुठलं असेल तर हे.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाहीये, स्वतःचा पुरावा देतो. मागच्या वर्षी आमच्या प्रोजेक्टवर काम कमी होतं. मॅनेजरनं सांगितलं की टाईमशीटमध्ये आठवड्याचे ४० तास भरत जा, क्लायंटला बिल त्यावर जातं. काम असायचं २० तासांचं. मी निमूट ४० भरले. एक आठवडा नाही, तीन महिने. त्यातल्याच एका शनिवारी रात्री मी 'डोंबिवली फास्ट' परत पाहिला. निशिकांत कामतांचा २००५ चा सिनेमा, माधव आपटे नावाचा सरळमार्गी बँक कर्मचारी. शीतपेयाच्या बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले म्हणून तो भडकतो आणि मग बॅट घेऊन शहरभर फिरतो. मला दाटून आलं होतं. या देशात प्रामाणिक माणसाचं काय होतं बघा, वगैरे. सोमवारी सकाळी ऑफिसला गेलो आणि टाईमशीटमध्ये ४० भरले.

आणि मला त्यात काही खटकलं नाही. हे महत्त्वाचं आहे. कारण माझ्या डोक्यात प्रामाणिकपणा म्हणजे माधव आपटे, हातात बॅट, शेवटी पोलिसांची गोळी. एवढं करायची माझी काही तयारी नव्हती, म्हणजे प्रामाणिकपणा हा विषयच माझ्यापुरता संपला! एक्सेलच्या रकान्यात ४० ऐवजी २० लिहिणं हाही प्रामाणिकपणा असू शकतो, असं कुठल्या सिनेमानं मला दाखवलं होतं? शिवाय माधव आपटेसाठी रडून झालं होतं. त्या रडण्यात हिशेब चुकता झाल्यासारखं वाटतं. तिकीट काढलं, डोळे ओले केले, म्हणजे आपण चांगल्यांच्या बाजूचे.

याच निशिकांत कामतांनी बरोबर दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, हिंदी 'दृश्यम' केला. मूळ सिनेमा मल्याळम, पण हिंदीत तो गोव्यात घडतो आणि हिरोचं नाव विजय साळगावकर. हा चौथी नापास माणूस सिनेमे बघून बघून शिकलेला असतो. काय शिकतो, तर कुटुंबासाठी बेमालूम खोटं कसं बोलायचं. आणि त्या खोट्याची तारीख कुठली, तर २ ऑक्टोबर! गांधीजयंती! सिनेमा म्हणून एकदम भारी आहे, मी तीनदा पाहिलाय. मुलीवर जे गुदरलं ते बघता बापाची बाजूही कळते. पण २००५ ते २०१५ या दहा वर्षांत एकाच दिग्दर्शकाच्या हातून आपल्या टाळ्या कुठून कुठं गेल्या ते बघा. आधी आपण सरळ माणूस मरतो म्हणून रडत होतो. मग खोटं पचवणारा माणूस सुटतो म्हणून शिट्ट्या मारायला लागलो. 'फॅमिलीसाठी केलं' म्हटलं की सगळं माफ. फ्लॅटचा ईएमआय हीसुद्धा फॅमिलीच, नाही का?

ह्यावर ठरलेला आक्षेप येणार: "अरे, सिनेमा म्हणजे करमणूक. एवढं काय मनावर घेतोस?" मला हा युक्तिवाद डोक्यात जातो. आत्यानं मनावर घेतला ना! तिनं कुठलं नीतिशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं. कायदा तिला माहीत नव्हता. लेकीच्या आयुष्याचा निर्णय घ्यायला तिच्याकडे होता एक सिनेमा, ३५ वर्षांपूर्वी पाहिलेला. 'जय संतोषी माँ' (१९७५) लागला तेव्हा लोक थिएटरात चपला काढून बसत, पडद्याला हार घालत. आपण शहरातले लोक त्यावर हसतो, पण २००६ मध्ये 'रंग दे बसंती' पाहून आपणच इंडिया गेटवर मेणबत्त्या घेऊन गेलो होतो. जेसिका लालच्या खटल्यातले आरोपी सुटले होते, त्याविरुद्ध. चांगलंच झालं. त्या वर्षाअखेर दिल्ली उच्च न्यायालयानं मुख्य आरोपीला दोषी धरलं. पण १९९९ ला खून झाल्यापासून कोर्टाच्या पायऱ्या कोण चढत होतं? तिची बहीण सबरीना. सात वर्षं. मेणबत्तीची संध्याकाळ आपली होती, सात वर्षं तिची. 'करमणूक' म्हणून सोडून द्यायचं असेल तर मेणबत्तीचं श्रेयही घेऊ नका.

दुसरा आक्षेप जरा बरा आहे. "रोजचा सद्गुण दाखवला तर सिनेमा कोण बघणार? रटाळ होईल." हे खोटं आहे, आणि खोटं ठरवणारा पुरावा मराठीच आहे. १९३६ चा प्रभातचा 'संत तुकाराम', दामले-फत्तेलाल यांचा. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. संतपट म्हणून चमत्कार आहेतच. पण तो सिनेमा एकदा जिजाईसाठी बघा. गौरी नावाच्या अभिनेत्रीनं काय काम केलंय! तुकोबा भजनात, घरात दाणा नाही, पोरं उपाशी. ही बाई विठोबाला तोंडावर शिव्या घालते, नवऱ्याशी कडाकडा भांडते, आणि पोरांच्या पोटाचं बघते. ती सोसत नाही, सांभाळते. ह्या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सिनेमा तिची टिंगल करत नाही, तिला तुकोबाच्या शेजारी उभं करतो. १९३६ मध्ये हे जमलं होतं हो!

किंवा १९७४ चा 'सामना' घ्या. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव आणि समोर डॉ. लागूंचा मास्तर. मास्तर कसा? दारुडा, फाटका, घर ना दार. त्याच्या हातात ना पट्टा, ना बॅट. तो फक्त एक प्रश्न विचारतो, मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं. आणि विचारतच राहतो. पाहुणचार करून, दटावून, गोड बोलूनही तो प्रश्न सोडत नाही. मला तर त्या मास्तरात प्रल्हाद दिसतो. तोच हट्ट, रोज सकाळी उठून तेच वाक्य. आणि सिनेमा एक क्षणही कंटाळवाणा होत नाही. तेव्हा 'रटाळ होईल' हे कारण सांगू नका. खांब फोडणं सोपं असतं, लिहायलाही आणि बघायलाही, एवढं कबूल करा.

असो. गावाकडची गोष्ट अर्धी राहिली.

ताई परत गेली त्यानंतर आठवड्यानं तिचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "त्या दिवशी तुझं ते सर्व्हर सुरू झालं का रे?"

बस्स, एवढंच. तिला सगळं कळलं होतं. मला बेरीज-वजाबाकी शिकवणारी बाई ती.

दोन दिवस मी स्वतःला समजावण्यात घालवले. मग बाबांना फोन केला आणि जे त्या दुपारी बोलायला हवं होतं ते बोललो. वीस मिनिटं. बाबा नेहमीप्रमाणे फक्त 'हं' म्हणत होते. शेवटी म्हणाले, "बरं, ठेव." मला वाटलं, झालं, संपलं. त्यानंतरच्या गुरुवारी, सोयाबीन काढणीला आलेलं असताना, बाबांनी मजूर दुसऱ्या दिवसावर ढकलले आणि एसटीनं ताईच्या सासरी गेले. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी आजपर्यंत सांगितलं नाही. संध्याकाळी मला फोन आला. "आणलंय तिला. जेवायलीय."

आता याचा सिनेमा करायचा तर इथं संपवता येईल. पार्श्वसंगीत, आईचा क्लोजअप, समाप्त. पण खांब फुटल्यानंतरचं सांगतो. काका तीन महिने आमच्याशी बोलत नाहीत. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून रोज कुरबुर. आत्या लेकीवरच रागावलेली, दिवाळीला आली नाही. गावातल्या बायका आईला विचारतात, "पोरगी कधी जाणार?" आणि आई रोज तेच उत्तर देते, "जायची तेव्हा जाईल." २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केलाय. पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा, असं त्या कायद्यात लिहिलंय. आमच्या तारखा चालू आहेत. प्रत्येक तारखेला बाबा धुतलेला सदरा घालून तिच्याबरोबर जातात, दिवसभर बाकड्यावर बसतात, दोघं चहा पितात आणि पुढची तारीख घेऊन येतात. ताई शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घेते. बेरीज-वजाबाकीच.

बाबांनी कुणाला चपराक मारली नाही. भाषण केलं नाही. ह्या सगळ्याला ते 'धाडस' वगैरे म्हणणारही नाहीत. 'सिंघम' लागला की अजूनही बघतात.

माझं म्हणाल तर मागच्या महिन्यात मी टाईमशीटमध्ये पहिल्यांदा खरे तास भरले. २२. मॅनेजर केबिनमध्ये बोलावून म्हणाला, "अरे, तू एकट्यानं खरं लिहून काय होणार?" मला उत्तर सुचलं नाही. सिनेमात सुचलं असतं, आणि टाळ्याही पडल्या असत्या. पुढच्या आठवड्यात १९ भरले. अप्रेझल एप्रिलमध्ये आहे, बघू.

काकांना परवा मीच फोन केला. म्हटलं, काका, अन्याय सहन करणारा पण पापी असतो असं तुम्हीच म्हणाला होतात ना? तर म्हणाले, "तू सिनेमे कमी बघत जा." आणि फोन ठेवला.

पण उचलला तरी. पुढच्या रविवारी परत करणार आहे.